मोटर पायांचं काम करते, भार मात्र सीटवर येतो

प्रश्न : माझं वय ५३. गेल्या वर्षी इलेक्ट्रिक सायकल घेतली. मोटर पॅडलपाशी आहे, बॅटरीवर ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास असं छापलंय. ताठ बसून चालवायची, रुंद सीटची सायकल आहे. दम लागत नाही, गुडघे कुरकुरत नाहीत, म्हणून मी खूश होते. पण २० किलोमीटर झाले की बुडाखाली ठणकायला लागतं, आणि थोड्या वेळाने पुढच्या नाजूक भागाला बधिरपणा येतो. जेलचं जाड कव्हर चढवून पाहिलं, तर बधिरपणा उलट लवकर यायला लागला. मांड्या आतून घासून सोलवटतात ते वेगळंच. मैत्रिणींनी ६० किलोमीटरची दिवसभराची सहल ठरवली आहे, सहा आठवडे हातात आहेत. मी बहुतेक वेळ सर्वांत जोरदार मोडवर असते आणि थांबताना भीती वाटते म्हणून दोन्ही पाय टेकतील इतकी सीट खाली ठेवली आहे. सगळं काम मोटर करते, तरी मलाच एवढा त्रास का? वय झालं म्हणून? सीट बदलू का? आणि बॅटरी तेवढी पुरेल का?

उत्तर : ताई, बधिरपणाबद्दल तुम्ही स्पष्ट लिहिलंत, हे फार बरं केलंत. कितीतरी जण हे कुणाशी बोलत नाहीत, दोन-चार महिने सोसतात आणि मग सायकल कोपऱ्यात उभी करून टाकतात. वयाचा यात फारसा संबंध नाही. तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस तुमच्याच सायकलवर, तुमच्याच पद्धतीने बसला, तर त्यालाही २० किलोमीटरनंतर हेच होईल.

‘सगळं काम मोटर करते, तरी त्रास का’ असं तुम्ही विचारलंय. मोटर काम करते, म्हणूनच हा त्रास आहे.

सायकलवर आपलं वजन तीन ठिकाणी विभागलं जातं: सीट, पॅडल आणि हँडल. आपण पॅडलवर जोर देतो तेव्हा त्या जोराइतकं वजन सीटवरून उचललं जातं. साध्या सायकलवर हे नकळत होत राहतं. चढ आला की माणूस उभा राहतो, समोरून वारा आला की पुढे झुकतो, पाय दाबून मारतो. बुडाला दर थोड्या वेळाने सुट्टी मिळते. इलेक्ट्रिक सायकलवर चढ आला तरी आपण बसूनच असतो, कारण उठायची गरजच पडत नाही. पाय नुसते फिरत राहतात आणि सगळं वजन तासन्‌तास एकाच जागी बसून राहतं.

थोडा हिशेब करू. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगात जायला एकूण १४० वॅट लागतायत असं धरा. जोरदार मोडमध्ये मोटर तुमच्या जोराच्या तिप्पट भर घालते असं मानलं, तर तुमच्या वाट्याला ३५ वॅट आले. मधल्या मोडमध्ये मोटर तुमच्याइतकाच जोर लावत असेल, तर तुमचे ७० वॅट. पॅडलच्या मिनिटाला ७० फेऱ्या आणि नेहमीच्या लांबीचा क्रँक, म्हणजे पॅडल जोडलेला दांडा, धरला तर पहिल्या बाबतीत पॅडलवर सरासरी ३ किलोच्या आसपास जोर पडतो, दुसऱ्यात ६ किलोच्या आसपास. ढोबळ आकडे आहेत हे. ३ किलोचा फरक ऐकायला किरकोळ वाटेल. पण तो चार तास, सतत, त्याच दोन हाडांवरून आणि त्यांच्या मधल्या नाजूक भागावरून कमी होतो. शिवाय पायात जोर असला की पाठ आणि पोटाचे स्नायू जागे राहतात, माणूस सीटवर ढेपाळून बसत नाही.

म्हणून पहिला बदल फुकटातला आहे. सपाटीवर जोरदार मोड बंद. मधल्या मोडवर या आणि वेग थोडा कमी झाला तर होऊ द्या. दोन आठवड्यांनी सपाटीला त्याच्याही खालच्या मोडवर या. जोरदार मोड खऱ्या चढासाठी राखून ठेवा. तुमची मोटर पॅडलपाशी आहे. अशा सायकलींमध्ये बहुधा पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो आणि मोटर त्या प्रमाणात मदत करते, त्यामुळे पायाने किती द्यायचं हे तुमच्या हातात आहे. ज्यांच्या सायकलीत सेन्सर फक्त पॅडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, त्यांना हे जास्त जाणीवपूर्वक करावं लागतं. आणि जे नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे हँडलवरून मोटर चालवत, पाय स्थिर ठेवून जातात, त्यांचं बूड सर्वांत आधी बोंबलतं.

जोर द्यायचा म्हणजे जड गिअर टाकून पॅडल रेटायचं नाही. त्याने गुडघे जातील. मिनिटाला ६५ ते ७५ फेऱ्या होतील असा गिअर ठेवा आणि पायाखाली काहीतरी लागतंय, एवढी जाणीव सतत राहू द्या. पाय हवेत फिरल्यासारखे वाटले की मोड एक पायरी खाली.

आता सीटची उंची. इथे तुमची सर्वांत मोठी चूक आहे, आणि भीतीपोटी आहे म्हणून समजण्यासारखीही आहे. सायकल २०-२५ किलोची, थांबताना कलंडली तर काय, असं वाटतं. पण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकत असतील तर सीट बहुतेक सायकलींवर फारच खाली असते. अशा बैठकीत पाय कधीच पुरेसा सरळ होत नाही, पॅडलवर जोर येत नाही, गुडघे वर येतात आणि सगळा भार मागे बुडावर जातो. तुमचं निम्मं दुखणं या एका गोष्टीत असेल असं मला वाटतं.

उंची अशी बघा. भिंतीला धरून सायकलवर बसा, पायात नेहमीचे बूट. एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. टाच टेकलेली असताना गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक आपोआप राहतो. तो वाक २५ ते ३५ अंशांचा असावा असं मानतात, पण मोजत बसू नका, टाचेची खूण पुरेशी आहे. चालवताना कुणाला तरी मागून बघायला सांगा. कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट जास्त वर गेली. त्याने मांड्या आणखी घासतील, तेव्हा ५ मिलिमीटर खाली घ्या.

तुमची सीट कदाचित ५-६ सेंटिमीटर वर जावी लागेल. एकदम चढवू नका. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर एक सेंटिमीटर वर न्या, आणि प्रत्येक वेळी सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे कुठे होतो ते कळतं. वर घेताना सीटपोस्टवर कोरलेल्या कमाल मर्यादेच्या रेघेकडे लक्ष ठेवा. ती रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

थांबायचं कसं, हे मोकळ्या मैदानात शिकून घ्या, भीती तिथेच जाईल. वेग कमी करत आणा. एक पॅडल खाली असू द्या आणि त्या पायावर वजन देऊन सीटवरून उठा. अंग सीटच्या पुढे, दांडीच्या वर आणा आणि दुसरा पाय जमिनीवर टेकवा. थांबलेल्या सायकलवर सीटवर बसून राहायचंच नाही. निघताना उलट क्रम: एक पॅडल वर, त्यावर पाय, ब्रेक दाबलेला. मग ब्रेक सोडून पॅडलवर उभं राहत निघायचं आणि सायकल चालू लागली की मागे सीटवर टेकायचं. ब्रेक दाबून ठेवायचं महत्त्वाचं आहे. जोर मोजणाऱ्या सेन्सरच्या सायकलीत उभ्या उभ्या पॅडलवर पाय जड पडला तरी मोटर झटका देऊ शकते, आणि जोरदार मोडवर तो झटका घाबरवणारा असतो. सगळा सराव सर्वांत हलक्या मोडवर किंवा मोटर बंद ठेवून करा. एका सकाळी हे वीस-पंचवीस वेळा केलंत तर अंगवळणी पडेल, आणि मग सीट वर न्यायला मन आपोआप तयार होईल.

जेलचं कव्हर आजच काढा. त्याने बधिरपणा वाढला हे तुमचं निरीक्षण अचूक आहे. बसताना आपला भार ओटीपोटाखालच्या दोन टोकदार हाडांनी पेलायचा असतो. कडक बाकावर बुडाखाली हात घालून बसलात तर ती हाताला लागतात. ही हाडं आणि त्यांच्यावरचं मांस भार सोसायलाच आहे. मधला भाग मात्र शिरा आणि नसांचा आहे, तो दाब सोसत नाही. सीट फार मऊ असली की हाडं तिच्यात रुततात आणि मधला फोम वर येऊन नेमका त्या मधल्या भागावर दाबतो. दुकानात बोटाने दाबून छान वाटणारी सीट १० मिनिटं सुखाची असते आणि तासाभराने छळते. लांब पल्ल्याला थोडी कडकच सीट लागते, फक्त तिची रुंदी आपल्या हाडांच्या मापाची हवी.

ते माप घरीच काढता येतं. नालीदार पुठ्ठ्याचा, म्हणजे खोक्याचा असतो तसा एक सपाट तुकडा घ्या. तो कडक, गादी नसलेल्या बुटक्या स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा. पातळ कपड्यांवर त्याच्यावर बसा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर राहतील असे, आणि सायकलवर जितक्या पुढे झुकता तितक्याच झुका. हातांनी स्टुलाची कड धरून स्वतःला खाली ओढा आणि मिनिटभर तसंच बसा. उठलात की पुठ्ठ्यावर दोन पुसट खळगे दिसतील. दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून वरून हलकेच घासा, खळग्यांचा भाग वेगळा उठून येतो. दोन्ही खळग्यांचे मध्य टिंब काढून पक्के करा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. बहुतेकांचं ते १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. बायकांचं सरासरीने थोडं जास्त असतं, पण अंगकाठीवरून अंदाज बांधू नका. बारीक बाईचं माप रुंद येऊ शकतं आणि उलटही होतं.

या मापात पुढे झुकून चालवणाऱ्याने साधारण २ सेंटिमीटर मिळवायचे, तुमच्यासारखं ताठ बसणाऱ्याने ४ ते ५. एवढी रुंदी सीटच्या मागच्या, सर्वांत रुंद भागाची असावी. तुमचं माप १३ आलं तर १७-१८ सेंटिमीटरची सीट बघा. याहून फार रुंद सीट सोयीची वाटते, पण तिच्या कडा मांड्यांच्या मागच्या बाजूला घासतात. तुम्हाला मांड्या सोलवटण्याचा त्रास आहे, तेव्हा सध्याच्या सीटची रुंदीही एकदा मोजून बघाच, आणि तिचं पुढचं नाक किती जाड आहे तेही. पुढच्या भागाला बधिरपणा येणाऱ्यांनी मध्ये खाच किंवा पोकळी असलेली सीट वापरून बघावी. बऱ्याच जणींना तिने खूप आराम पडतो, काहींना त्या पोकळीच्या कडाच टोचतात. म्हणून परत करता किंवा बदलून घेता येईल अशाच ठिकाणी घ्या.

पण थांबा, सीट विकत घ्यायची घाई नको. आधी आहे त्याच सीटची उंची आणि कोन नीट करून दोन आठवडे चालवा. बऱ्याचदा सीट बदलावीच लागत नाही.

कोनाचं सांगते. मोबाइलमधलं पातळी दाखवणारं अ‍ॅप उघडा, सीटवर एक सपाट पुस्तक ठेवा, त्यावर मोबाइल. सुरुवात अगदी आडव्या पातळीपासून करा. नाक वर असेल तर पुढच्या भागावर दाब येणारच, आणि तुमच्या बाबतीत हे असण्याची दाट शक्यता आहे, कारण मऊ सीटचा मागचा भाग दबला की नाक आपोआप वर येतं. बधिरपणा असेल तर नाक एक-दोन अंश खाली घ्या. त्याहून जास्त नको. पुढे घसरायला होतं, मग हात टेकवून स्वतःला मागे रेटत राहावं लागतं आणि दुखणं बुडाकडून मनगटात जातं. एका वेळी एकच गोष्ट बदला. उंची, कोन आणि पुढे-मागे हे तिन्ही एकाच दिवशी हलवलंत तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

यानंतर उठण्याची सवय. साध्या सायकलवर रस्ता आपल्याला उठवतो, इलेक्ट्रिकवर आपण ठरवून उठायचं. दर १० मिनिटांनी, म्हणजे साधारण तीन किलोमीटरला एकदा, १५-२० सेकंद. पॅडल मारणं थांबवा, दोन्ही पॅडल जमिनीला समांतर ठेवा, गुडघे थोडे वाकवून बूड सीटवरून इंचभर उचला आणि सायकल आपोआप पुढे जाऊ द्या. छोटा उतार आला की आवर्जून उठा. खड्डा, गतिरोधक, रस्त्याची फुटलेली कड दिसली की आधीच उठा, धक्का गुडघ्यांनी घ्यायचा, मणक्याने नाही. दाबलेल्या जागी रक्त पुन्हा खेळू लागायला एवढा वेळ पुरतो. दुखायला लागल्यावर उठण्याचा उपयोग फार थोडा. पहिल्या दहा मिनिटांपासून उठायचं, काही दुखत नसताना. घड्याळात गजर लावा, सुरुवातीला मला तरी दुसरा मार्ग विश्वासाचा वाटत नाही, कारण मोटरच्या सुखात वेळेचं भान राहत नाही.

कपड्यांचं थोडक्यात. आत पॅड असलेली सायकलिंगची चड्डी घ्या, वरून सैल पँट घातली तरी चालेल. तिच्याखाली दुसरं अंतर्वस्त्र घालायचं नाही. हे ऐकून पुष्कळ जणी बिचकतात, पण त्या अंतर्वस्त्राच्या शिवणीच तर घासतात आणि घाम धरून ठेवतात. पॅड जाड म्हणजे चांगलं असंही नाही, अंगाला घट्ट बसणारं, न सरकणारं हवं. जिथे घासतं तिथे निघण्याआधी अशा चड्डीसाठी मिळणारी क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. घरी आल्यावर त्याच कपड्यांत बसून राहू नका, लगेच धुवा, अंग पुसून कोरडं करा, आणि चड्डी दर वेळी धुतलेलीच घाला. पुटकुळी किंवा केसतोड दिसलं तर ते पूर्ण बसेपर्यंत सायकल बंद. त्यावर बसून चालवलंत तर गळू होतं आणि मग आठवडे वाया जातात.

रस्त्याचा दणका कमी करायचा तर आधी टायर बघा. पुष्कळ लोक हवा दगडासारखी भरतात. टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. ५० मिलिमीटरच्या आसपास रुंदीच्या टायरला बहुधा ३५ ते ५० पीएसआय पुरते, अंगाने हलक्या असाल तर खालच्या आकड्याकडे राहा. सांगितलेल्या किमानाखाली मात्र जाऊ नका, नाहीतर रिमला मार बसतो आणि पंक्चर होतं. तरीही मणक्याला हादरे बसत असतील तर स्प्रिंगचा सीटपोस्ट हा पैसा वसूल करणारा बदल आहे, माझ्या मते सीटपेक्षाही जास्त. फक्त त्याची स्प्रिंग आपल्या वजनाप्रमाणे निवडायची असते. आणि बसल्यावर तो सेंटिमीटरभर दबतो, तेवढी सीट वर घेऊन टाचेची चाचणी पुन्हा करायची.

हाताला मुंग्या येतात असं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हँडलमध्ये सध्या काही बदल करू नका.

आता बॅटरी. ३६ गुणिले १४ म्हणजे ५०४ वॅट-तास, एवढी वीज तिच्यात मावते. ६० किलोमीटरसाठी पूर्ण बॅटरी संपवली तर किलोमीटरला ८.४ वॅट-तास मिळतात. पण शेवटच्या थेंबापर्यंत जायचं नाही. १५ टक्के राखीव धरले तर हातात साधारण ४३० उरतात, म्हणजे किलोमीटरला ७ च्या थोडं वर. जोरदार मोडवर चढ आणि समोरचा वारा असेल तर किलोमीटरला १५ किंवा त्याहून जास्त खर्च सहज होतो. त्या हिशेबाने तुम्ही तिशी-पस्तिशीतच अडकाल. हलक्या मोडवर, सपाटीला, ताशी १८-२० च्या वेगात ६ ते ८ मध्ये भागतं. म्हणजे जे बुडासाठी करायला सांगितलं तेच बॅटरीसाठी लागतं, वेगळं काही करायचं नाही. वेगाचा फरक मोठा असतो, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २५ ऐवजी २० ने गेलात तर तो एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. ताठ बसणाऱ्याला तर वारा जास्तच अडवतो.

स्क्रीनवर दिसणाऱ्या ‘उरलेल्या किलोमीटर’वर विसंबू नका. तो आकडा मागच्या काही अंतराच्या खर्चावरून काढलेला असतो, चढ लागला की धडाधड खाली येतो. त्याऐवजी टक्के बघा. सहलीआधी एकदा हलक्या मोडवर २० किलोमीटर जाऊन या आणि किती टक्के गेले ते लिहून ठेवा. २८ टक्क्यांच्या आत असतील तर तशाच रस्त्यावर ६० होतील आणि राखीव शिल्लक राहील. जास्त गेले तर चार्जर बरोबर घ्या. साध्या २ अँपिअरच्या चार्जरने तासभराच्या थांब्यात ७०-८० वॅट-तास भरतात, म्हणजे हलक्या मोडवरचे दहाएक किलोमीटर. वाटेत लावायला मिळेल का, हे मैत्रिणींना आधी विचारून ठेवा. जाताना वारा समोरून असेल असा मार्ग निवडता आला तर उत्तम, परतताना बॅटरी आणि अंग दोन्ही थकलेलं असतं.

सहा आठवडे पुरेसे आहेत. आठवड्यातून एकदाच लांब जाण्यापेक्षा तीनदा-चारदा १०-१५ किलोमीटर जा. बैठकीच्या जागेला सवय व्हायला मधे मोठा खंड पडलेला चालत नाही. पहिल्या आठवड्यात नव्या उंचीवर हाडांच्या जागी थोडं दुखेल. ते दुखणं बोट ठेवून दाखवता येतं, दोन हाडांपाशीच असतं आणि एक-दोन दिवसांत जातं. त्याला घाबरू नका. रविवारची एक फेरी मात्र वाढवत न्या: २०, २५, ३२, ४०, ४५. सहलीच्या आधीचा आठवडा हलका ठेवा. ४५ जमले की ६० जमतात, मधे थांबे असतातच. दर १५ किलोमीटरला पाच मिनिटं उतरून चाला. पाणी पीत राहा, थांबावं लागेल म्हणून पाणी टाळणाऱ्या बायका मी खूप बघते आणि त्याने थकवा लवकर येतो. सहलीच्या दिवशी नवीन सीट, नवीन चड्डी, नवीन बूट यांतलं काहीही नको.

बधिरपणाबद्दल मात्र कडक नियम ठेवा. तो आला की सहन करत पुढे जायचं नाही. उतरायचं, चालायचं, पूर्ण संवेदना आल्यावरच पुन्हा बसायचं, आणि घरी येऊन कोन तपासायचा. सायकलवरून उतरल्यावर काही मिनिटांत तो जात नसेल, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहत असेल, किंवा लघवीच्या वेळी काही वेगळं जाणवत असेल, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत सायकल बंद. तिथेही सायकल चालवते हे सांगा, कुठे बधिर होतं हे स्पष्ट सांगा, जसं मला लिहिलंत तसं.

या रविवारी कव्हर काढा, सीट एक सेंटिमीटर वर घ्या, मैदानात थांबण्याचा सराव करा, आणि पुठ्ठ्यावरचं माप घेऊन ठेवा. दोन आठवड्यांनी ते माप, सीटचा कोन आणि २० किलोमीटरला किती टक्के बॅटरी गेली हे तीन आकडे मला कळवा. सीट बदलायची की नाही ते त्यावरून ठरवू.